मेंदूचे निरोपे आणि शरीराचे रक्षक

(नभोवाणीवरील भाषण)

आपल्या मराठी भाषेत दोन विलक्षण वाक्प्रचार आहेत. एखाद्या माणसावर मोठे संकट कोसळले आणि त्यानंतर त्याची प्रकृती ढासळत गेली, म्हणजे आपण म्हणतो, ‘त्याने धसका घेतला.’ एखादी आई मुलाच्या वियोगाने झुरू लागली, अन्नावरून तिचे मन उडाले, बारीकसारीक दुखण्यांनीही ती अंथरुणाला खिळू लागली, म्हणजे शेजारीपाजारी म्हणतात, ‘बिचारीने हाय खाल्ली.’ ज्यांनी हे शब्द भाषेत रूढ केले त्यांच्यापाशी ना सूक्ष्मदर्शक यंत्र होते, ना रक्त तपासण्याची साधने. मनाला बसलेला घाव शरीराला सोसावा लागतो, हे त्यांनी केवळ अनुभवाने जाणले होते.

परंतु अनुभव निराळा आणि कारणमीमांसा निराळी. धसका घेतला म्हणजे शरीराच्या आत नेमके काय घडले? दुःखाला वजन नाही, चिंतेला आकार नाही. मग त्यांचा परिणाम रक्तातील पेशींवर कोणत्या वाटेने होतो? ह्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांनी गेल्या शतकात टप्प्याटप्प्याने शोधून काढले. त्या शोधाची हकीकत आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

प्रथम शरीराच्या रक्षकांची ओळख करून घेऊ. रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी हाडांतील मगजात जन्म घेतात. त्यांपैकी काही छातीच्या हाडामागे असणाऱ्या थायमस नावाच्या ग्रंथीत शिकून तयार होतात. काही पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, तर काही गळ्यातील, काखेतील व जांघेतील रसग्रंथींत ठाणी देऊन राहतात. काही पेशी जंतूंना गिळून टाकतात, काही त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये निर्माण करतात, तर काही जंतूने ग्रासलेल्या स्वतःच्याच पेशींचा नाश करतात. ह्या पेशी काचेच्या नळीत काढून ठेवल्या तरी तेथेही त्या जंतूंवर तुटून पडतात. साहजिकच दीर्घकाळ असा समज होता की, ही सेना पूर्णपणे स्वतंत्र आहे. कवटीच्या किल्ल्यात बसलेल्या मेंदूशी तिचे काही देणेघेणे नाही. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतही मज्जासंस्थेचे प्रकरण एकीकडे आणि रोगप्रतिकाराचे दुसरीकडे, असा सवतासुभा असे.

आता मेंदूकडे वळू. मेंदू आपल्या आज्ञा मज्जातंतूंच्या द्वारे पाठवितो, हे जुनेच ज्ञान होय. पण मज्जातंतूच्या टोकाशी पोहोचलेली आज्ञा पुढच्या अवयवाला कशी कळते, ह्याविषयी वाद होता. विजेच्या ठिणगीसारखी ती उडी मारते, असे काहींचे मत होते. ऑस्ट्रियातील ग्रात्स शहरी ऑटो लोवी ह्या शास्त्रज्ञाने ह्या वादाचा निकाल लावणारा एक साधा प्रयोग 1921 साली प्रसिद्ध केला. त्याने बेडकांची दोन हृदये काढून मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाला व्हेगस नावाचा मज्जातंतू जोडलेला होता. तो तंतू विजेने चेतविताच ते हृदय मंदावले. मग त्या हृदयाभोवतीचे द्रावण लोवीने दुसऱ्या हृदयावर ओतले, आणि काय आश्चर्य! ज्याला कोणताही मज्जातंतू जोडलेला नव्हता, ते दुसरे हृदयही मंदावले. म्हणजे तंतूच्या टोकातून काहीतरी रसायन पाझरले होते आणि तेच आज्ञेचा निरोप घेऊन गेले होते. ते रसायन म्हणजे असेटिलकोलीन होय. ह्या कार्याबद्दल लोवी आणि इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री डेल ह्यांना 1936 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हापासून मेंदूच्या अशा अनेक रासायनिक निरोप्यांची ओळख पटली आहे. नॉरॲड्रिनॅलिन, डोपामीन, सेरोटोनिन ही त्यांतील काही नावे. प्रत्येक निरोप्याजवळ जणू एक किल्ली असते आणि ज्या पेशीवर त्या किल्लीचे कुलूप असेल तीच पेशी त्याचा निरोप ऐकते. पुढे जेव्हा पांढऱ्या पेशींची बारकाईने तपासणी झाली तेव्हा असे आढळून आले की, ह्यांपैकी कित्येक कुलुपे त्या पेशींच्या अंगावरही आहेत. ज्या पेशीला मेंदूचे काही ऐकावयाचेच नाही, तिच्या दाराशी मेंदूच्या किल्लीचे कुलूप कशासाठी असेल?

मेंदूचे निरोप रक्षकांपर्यंत पोहोचण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली वाट रक्ताची. मनावर ताण आला की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा भाग एक रसायन सोडतो. ते जवळच्या, वाटाण्याएवढ्या पिट्यूटरी ग्रंथीला जागे करते. पिट्यूटरी दुसरे रसायन रक्तात सोडते आणि ते मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना गाठते. त्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचा रस स्रवतात. हान्स सेली ह्या शास्त्रज्ञाने कॅनडातील मॉन्ट्रियल येथे 1936 साली दाखवून दिले होते की, उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम असा कोणताही जाच झाला, तरी त्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी फुगतात आणि थायमस व रसग्रंथी आक्रसतात. ह्या दोन गोष्टींचा परस्परसंबंध पुढे उलगडला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच ह्यांनी 1948 साली कॉर्टिसॉलचाच सख्खा भाऊ असलेले कॉर्टिसोन संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला टोचले, आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. ज्या संधिवातात शरीराचे रक्षकच स्वतःच्या सांध्यांवर उलटतात, त्यांना ह्या रसाने आवरले होते. म्हणजे कॉर्टिसॉल हा रक्षकांना घातलेला लगाम आहे. तो वेळेवर खेचला गेला तर उपकारक. परंतु महिनोन्‌महिने ताणलेलाच राहिला तर घोडाही बिघडतो. त्याची चाल मंदावते आणि कित्येकदा तो लगाम मानीनासा होतो.

ही पहिली वाट सापडली तरी मेंदू रोगप्रतिकाराला खरोखर हाताळतो, ह्यावर विश्वास बसावयास आणखी बराच काळ जावा लागला. त्याला चालना मिळाली ती एका अनपेक्षित घटनेने. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात रॉबर्ट एडर हे मानसशास्त्रज्ञ उंदरांना सॅकरिनचे गोड पाणी पाजीत आणि लगेच मळमळ उत्पन्न करणारे एक औषध टोचीत. उंदीर गोड पाण्याचा संबंध मळमळीशी जोडतो आणि पुढे ते पाणी टाळतो, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. पुढे त्यांनी औषध बंद केले. नुसते गोड पाणीच चालू ठेवले. तरीही काही आठवड्यांनी उंदीर मरू लागले. आणि ज्याने गोड पाणी अधिक प्यालेले, त्याच्या मृत्यूचा संभव अधिक. टोचलेले औषध सायक्लोफॉस्फमाइड होते आणि रोगप्रतिकारशक्ती दाबणे हा त्याचा दुसरा गुण होता. मग नुसत्या गोड चवीनेही ती शक्ती दबत असेल काय? एडर ह्यांनी निकोलस कोहेन ह्या रोगप्रतिकारतज्ज्ञाच्या साहाय्याने काटेकोर प्रयोग केले आणि 1975 साली ते प्रसिद्ध केले. निष्कर्ष असा की, केवळ आठवणीनेही प्रतिद्रव्यांची निर्मिती घटते. आठवण ही मेंदूत राहते आणि प्रतिद्रव्ये रक्तात. म्हणजे ह्या दोहोंना जोडणारा पूल असलाच पाहिजे.

तो पूल प्रत्यक्ष दिसला 1981 साली. डेव्हिड फेल्टन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की, थायमस आणि प्लीहा ह्यांत शिरलेले मज्जातंतू नुसत्या रक्तवाहिन्यांपाशी थांबत नाहीत. ते पांढऱ्या पेशींच्या वस्तीत जाऊन पोहोचतात. हीच दुसरी वाट, मज्जातंतूंची. पहिली वाट म्हणजे गावभर पिटलेली दवंडी. दुसरी म्हणजे नाव-पत्ता घालून घरपोच केलेले पत्र.

ह्या घरपोच पत्राचा प्रवास कसा होतो, ते न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील केव्हिन ट्रेसी ह्या शस्त्रवैद्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. जंतूंशी लढताना भक्षक पेशी टी. एन. एफ. नावाचे एक जहाल द्रव्य सोडतात. बेताचे असेल तर ते शत्रूला मारते. अतिरेक झाला तर रोग्यालाच मारते. ट्रेसी ह्यांच्या गटाने जंतूंचे विष टोचलेल्या उंदरांचा व्हेगस मज्जातंतू विजेने चेतविला. तोच व्हेगस, ज्याने लोवीच्या प्रयोगात बेडकाचे हृदय मंदावले होते! 2000 साली त्यांनी प्रसिद्ध केले की, त्यामुळे रक्तातील टी. एन. एफ. घटले आणि उंदरांचा रक्तदाब कोसळण्याचे टळले. 2003 साली भक्षक पेशींवरील असेटिलकोलीनचे नेमके कुलूप सापडले आणि 2011 साली मधल्या टप्प्यांचा उलगडा झाला.

पूर्वीच्या काळी टपालाची थैली एकच हरकारा शेवटपर्यंत नेत नसे. एका चौकीपर्यंत एक धावे. तेथे तो थैली दुसऱ्याच्या खांद्यावर देई. येथेही तसेच घडते. मेंदूचा निरोप व्हेगसवाटे निघतो. प्लीहेत शिरणारा मज्जातंतू नॉरॲड्रिनॅलिन सोडतो. ते एका विशिष्ट जातीच्या पांढऱ्या पेशीला गाठते. ती पेशी स्वतःच असेटिलकोलीन तयार करून सोडते आणि ते भक्षक पेशीला सांगते की, आता आवर. विशेष म्हणजे ह्या साखळीतला एक हरकारा मज्जासंस्थेचा नसून रक्षकांपैकीच एक आहे. मेंदूची भाषा तो केवळ ऐकत नाही, बोलतोही! व्हेगस आणि प्लीहेचा तंतू ह्यांची गाठ नेमकी कोठे व कशी पडते, ह्याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. परंतु निरोप्यांची ही साखळी अनेक प्रयोगांत दिसून आली आहे.

आणि ही वाहतूक एकतर्फी नाही. आपल्याला ताप भरतो तेव्हा अन्न नकोसे होते, अंग मोडून येते, कोणाशी बोलू नये असे वाटते. अवखळ मूलही मुकाट्याने आईच्या मांडीवर डोके ठेवते. हे सारे जंतू करीत नाहीत. लढाईत गुंतलेल्या पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-1 सारखी द्रव्ये सोडतात. त्यांची वर्दी रक्तावाटे आणि व्हेगसवाटे मेंदूला पोहोचते आणि मेंदू शरीराला विसावा घ्यावयास लावतो. हीच वर्दी पोहोचल्यावर मेंदू कॉर्टिसॉलचा लगामही खेचतो, म्हणजे लढाई हाताबाहेर जात नाही. आजाऱ्याचा चिडखोरपणा किंवा खिन्नता ही नेहमीच त्याच्या स्वभावाची खोड नसते, हे घरच्या मंडळींनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता उंदरांना सोडून माणसांकडे येऊ. इंग्लंडमध्ये सॅलिस्बरी येथे सर्दीचा अभ्यास करणारे एक केंद्र होते. तेथील स्वयंसेवकांवर केलेला एक प्रयोग शेल्डन कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 साली प्रसिद्ध केला. 394 निरोगी माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब सोडले होते. त्यापूर्वी प्रत्येकाच्या आयुष्यातील ताणाचे मोजमाप प्रश्नावलीने करून ठेवले होते. ज्यांच्यावरील ताण सर्वांत कमी होता त्यांच्यापैकी सुमारे 27 टक्के लोकांना सर्दी झाली. ताण सर्वांत अधिक असलेल्यांत हेच प्रमाण 47 टक्क्यांवर गेले. विषाणू तेच, फरक होता तो त्यांना सामोऱ्या जाणाऱ्या शरीरात.

अमेरिकेतील ओहायो राज्यात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर ह्यांनी केलेले दोन प्रयोग तर मला फारच बोलके वाटतात. एका प्रयोगात दंतवैद्यकाच्या 11 विद्यार्थ्यांच्या टाळूला एक बारीकशी जखम उन्हाळ्याच्या सुटीत केली आणि तशीच दुसरी महत्त्वाच्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरून यावयास सरासरी 40 टक्के अधिक काळ लागला. आयुष्याची वर्षे विद्यार्थ्यांच्या सहवासात घालविणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला हा आकडा विसरता येण्यासारखा नाही. परीक्षा जवळ आली की वर्गात शिंका आणि खोकले का वाढतात, ह्याला हवामान हे एकच उत्तर पुरेसे नसावे.

दुसरा प्रयोग 1995 सालचा. बुद्धिभ्रंश झालेल्या नातलगांची घरी शुश्रूषा करणाऱ्या 13 स्त्रिया आणि त्याच वयाच्या, तशाच आर्थिक स्थितीतील, परंतु असा भार नसलेल्या दुसऱ्या 13 स्त्रिया, ह्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटर व्यासाची जखम करण्यात आली. शुश्रूषेचा भार नसलेल्या स्त्रियांची जखम सरासरी 39 दिवसांत भरली; शुश्रूषा करणाऱ्यांची भरावयास जवळजवळ 49 दिवस लागले. एवढीशी जखम, आणि नऊ-दहा दिवसांचा फरक! 26 माणसांचा प्रयोग लहानच म्हणावा लागेल. परंतु पुढील अनेक अभ्यासांनी त्याच दिशेने बोट दाखविले आहे.

श्रोतेहो, ह्या तेरा स्त्रिया दूर देशीच्या खऱ्या. पण तशी स्त्री आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, आईची स्मृती गेली, म्हणजे त्यांच्या उशापायथ्याशी बसणारी एखादी सून, एखादी अविवाहित मुलगी, एखादी म्हातारी पत्नी असतेच. येणारा-जाणारा आजाऱ्याची विचारपूस करतो. तिला मात्र कोणी विचारीत नाही. उलट तिच्या सहनशीलतेची वाखाणणी करून आपण मोकळे होतो. तिचा खोकला दोन महिने हटत नाही, बोटाला कापलेले लवकर भरत नाही, आणि तिलाही वाटते की आपणच नाजूक. ती नाजूक नाही. तिच्या मेंदूचे निरोपे महिनोन्‌महिने धोक्याची वर्दी देत धावत आहेत आणि तिचे रक्षक त्या वर्दीने दमले आहेत.

मात्र ह्या ज्ञानाचा विपर्यास होऊ नये म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगणे अवश्य आहे. पहिली ही की, सगळाच ताण घातक नसतो. कुत्रा अंगावर आला, सभेत बोलण्याची पाळी आली, असा घटकाभराचा ताण उलट रक्षकांना खडबडून जागे करतो. थोड्याच मिनिटांत त्यांची एक तुकडी प्लीहेतून रक्तात उतरते. घात करतो तो न सरणारा ताण.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ‘मन प्रसन्न ठेवा, औषधाची गरज नाही’ असे सांगणारे लोक ह्या संशोधनाचा आधार घेऊ लागले आहेत. त्यांचे ऐकू नये. क्षयाचे जंतू औषधाने मरतात, धीराने नव्हे. कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि औषधे ह्यांना पर्याय म्हणून प्रसन्न वृत्ती पुढे करणे म्हणजे रोग्याचा मोलाचा वेळ दवडणे होय. त्याहून निष्ठुर गोष्ट म्हणजे रोग्यालाच दोष देणे. ‘तुम्ही मन खंबीर ठेवले असते तर हे दुखणे आले नसते,’ असे म्हणणारा माणूस आजाऱ्याच्या ओझ्यावर आणखी एक धोंडा ठेवतो. ताण हा रोगाच्या अनेक कारणांपैकी एक; आणि ताण तरी कोण हौसेने ओढवून घेतो?

खऱ्या शास्त्राची वाट निराळी आहे. व्हेगसच्या शोधावरून संधिवातासाठी एक छोटे विद्युत्‌ यंत्र तयार झाले. 17 रोग्यांवरील पहिल्या चाचणीचा वृत्तांत 2016 साली प्रसिद्ध झाला. पुढे मोठ्या चाचणीनंतर, औषधांनी पुरेसा गुण न आलेल्या प्रौढ रोग्यांसाठी, मानेत शस्त्रक्रियेने बसविण्याच्या अशा यंत्राला अमेरिकेत 2025 साली मान्यता मिळाली. त्याचा गुण सर्वांना सारखा येत नाही. परंतु 1921 साली एका बेडकाच्या हृदयातून पाझरलेल्या थेंबापासून निघालेला हा धागा शतकानंतर रोग्याच्या दुखऱ्या सांध्यापर्यंत येऊन पोहोचला, ही गोष्ट लहान नाही.

मग आपण सामान्य माणसांनी काय करावे? यंत्र आपल्या हाती नाही, परंतु दुसऱ्याच्या खांद्यावरचा भार थोडा आपल्याकडे घेणे आपल्या हाती आहे. घरात दीर्घकाळाचे आजारपण असेल तर शुश्रूषेच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. ठराविक व्यक्तीने रात्रीमागून रात्री जागू नये. आठवड्यातून एक पूर्ण रात्र तिला निर्वेध झोप मिळेल, अशी व्यवस्था भावाबहिणींनी मिळून करावी. तिचे दुखणे अंगावर काढू न देता तिला वेळीच डॉक्टरांकडे न्यावे. शाळकरी मुलाला परीक्षेच्या आठवड्यात दूध-फळांबरोबर पुरती झोपही द्यावी आणि गुणांचा धाक थोडा आवरता घ्यावा. आपल्या पूर्वजांनी ‘धसका’ हा शब्द ओळखला होता. पण त्याबरोबर ‘धीर देणे’ हाही शब्द त्यांनीच आपल्याला दिला आहे. औषध डॉक्टरांनी द्यावे, पण धीर द्यावयास मात्र कोणाच्या चिठ्ठीची गरज नाही. आज रात्री ज्या घरात कोणी आजाऱ्याच्या उशाशी बसले असेल, तेथे दुसऱ्या कोणीतरी उठून म्हणावे, ‘तू जरा पड, आता मी बसतो.’